हसू नेमकं कुणावर? एलजीबीटीक्यू स्वीकार, मराठी संगीत नाटक आणि यवतमाळ

डिसेंबर २०१७ च्या अखेरीस यवतमाळ शहरात एक लग्न झालं. अमेरिकेत नोकरी करणारा इथलाच एक मुलगा आणि त्याचा व्हिएतनामी वंशाचा जोडीदार, अशा दोन पुरुषांचं. नातेवाईक आणि मित्रमंडळी हजर होती. नव्या वर्षाच्या सुरुवातीला ही बातमी देशभर पसरली. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ अजून लागू होतं आणि ते बदलायला आठेक महिने बाकी होते.

कापूस, कोरडवाहू शेती आणि शेतकरी आत्महत्या यांसाठीच ज्याचं नाव बातम्यांत येतं, त्या जिल्ह्यातून आलेली ही बातमी अनेकांनी दोनदा वाचली. कुणी अभिनंदन केलं, तर कुणी खिल्ली उडवली. बऱ्याच जणांनी मात्र मोबाइल खिशात ठेवला आणि घरी या विषयावर चकार शब्द काढला नाही. ज्या विषयावर घरात बोलता येत नाही, तो नाटकातून बोलता येतो का? आणि नाटक हसवणारं, गाणंबजावणं असलेलं असेल, तर काम सोपं होतं की अवघड?

या लेखात तेच पाहू. असं नाटक म्हणजे नेमकं काय, मराठी रंगभूमीवर त्याचं मूळ कुठे सापडतं, कायदा काय सांगतो आणि यवतमाळसारख्या ठिकाणी एखाद्या हौशी मंडळाने ते करायचं ठरवलं तर काय लक्षात ठेवावं.

थोडक्यात

- पुरुषाने स्त्रीवेश घेऊन हसवणं मराठी रंगमंचाला नवीन नाही. समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसाला माणूस म्हणून उभं करणारं नाटक मात्र उशिरा आलं आणि बहुतेक वेळा गंभीर होऊन आलं.
- सामाजिक प्रश्न गाण्यांतून आणि हशातून मांडण्याची मराठी परंपरा ‘संगीत शारदा’ इतकी जुनी, म्हणजे १८९९ पासूनची आहे.
- प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतात ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. समलिंगी विवाहाला मात्र कायदेशीर मान्यता नाही.
- अशा नाटकाची खरी कसोटी एकच आहे. प्रेक्षक हसतो तेव्हा तो कुणावर हसतो?

संगीत विनोदी नाटकच का?

गंभीर नाटकाला साधारणपणे तोच प्रेक्षक येतो, ज्याची विचार करायची तयारी आधीच असते. विनोदी नाटकाला आत्या येते, शेजारचे काका येतात, बँकेतला शिपाई येतो, कॉलेजची पोरं येतात. ‘आज तुम्हाला समानतेचं महत्त्व सांगणार आहोत’ असं म्हटलं की खुर्च्या रिकाम्या राहतात. ‘सोयरीक जमवताना झालेला गोंधळ’ म्हटलं की सभागृह भरतं.

गाण्याचं काम वेगळं आहे. जी गोष्ट पात्राच्या तोंडून संवादात निघत नाही, ती गाण्यात निघते. वडिलांसमोर तोंड न उघडणारा मुलगा एकट्याने गाऊ शकतो. नाटक संपल्यावर संवाद विसरले जातात, पण चाल डोक्यात राहते, आणि चालीबरोबर शब्दही घरी जातात.

जगात याची ठळक उदाहरणं आहेत. झां प्वारे यांच्या १९७३ च्या फ्रेंच नाटकावरून १९८३ मध्ये ब्रॉडवेवर ‘ला काज ओ फोल’ ही संगीतिका आली. नाइट क्लब चालवणाऱ्या पुरुष जोडप्याच्या मुलाचं लग्न एका कर्मठ पुढाऱ्याच्या मुलीशी ठरतं आणि पाहुणे घरी येणार म्हणून घरचं सगळं लपवायची धावपळ उडते, अशी ती गोष्ट. आपल्याकडे याला सरळ सोयरिकीचं नाटक म्हणतील. २०१३ ची ‘किंकी बूट्स’ ही बंद पडायला आलेल्या बूट कारखान्याची गोष्ट आहे. २०१८ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘द प्रॉम’मध्ये अमेरिकेतल्या छोट्या गावातली एक शाळकरी मुलगी आपल्या मैत्रिणीला घेऊन शाळेच्या नृत्यसमारंभाला जाऊ इच्छिते आणि पालक मंडळी तो समारंभच रद्द करतात. तिला ‘वाचवायला’ न्यूयॉर्कहून नट येतात. त्यांना खरं तर प्रसिद्धी हवी असते. नाटकातलं बरंचसं हसू त्या मुलीवर नसून या स्वयंघोषित तारणहारांवर आहे.

या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. समलिंगी माणूस हा विनोदाचा विषय नाही. त्याच्यामुळे इतरांची जी धांदल उडते, तिच्यावर विनोद आहे.

मराठी रंगमंचावर स्त्रीवेशातले पुरुष

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं आणि मराठी संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं स्त्री भूमिका पुरुषच करत. भाऊराव कोल्हटकर आणि नंतर बालगंधर्व म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस (१८८८ ते १९६७) यांनी त्या भूमिका अशा केल्या, की बालगंधर्वांचं लुगडं नेसणं आणि दागिने घालणं पाहून घरंदाज बायका तशी फॅशन करू लागल्या.

लोककलेतही तेच. तमाशातल्या गवळणीतली ‘मावशी’ पुरुषच करतो. नाच्या हे पात्र तर तमाशाची ओळखच बनलं. विदर्भात खडी गंमत आणि दंडार हे प्रकार आहेत. डफ-ढोलकीच्या साथीने उभ्याने सादर होणारी गाणी, सवाल-जवाब, कोट्या आणि स्त्रीवेशातला पुरुष कलावंत हे खडी गंमतीचं रूप. दंडार दिवाळीच्या सुमारास गावोगाव होते आणि त्यातही बायकांची सोंगं पुरुष घेतात. म्हणजे संगीत विनोदी नाटक यवतमाळच्या माणसाला मुंबईहून किंवा न्यूयॉर्कहून आणून दाखवायची गरज नाही. ते अंगणातच आहे.

शहरी रंगभूमीवर आचार्य अत्रे यांचं ‘मोरूची मावशी’ आलं. ब्रँडन थॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ या १८९२ च्या इंग्रजी प्रहसनावर ते बेतलेलं आहे. विजय चव्हाणांनी केलेली मावशी आजही लोकांना आठवते. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ तर मराठी माणसाला पाठ आहे.

मग एवढी सवय असलेल्या समाजाला अडचण कुठे येते?

अडचण अशी, की या सगळ्यात साडी हा वेश आहे आणि तो शेवटी उतरतो. पडदा पडला की मावशीचा पुन्हा पुरुष होतो, घोटाळा मिटतो, लग्न लागतं आणि सगळे सुखाने घरी जातात. ज्याच्यासाठी तो वेश नाही, ज्याचं ते असणंच आहे, त्याच्यासाठी या नाटकांत जागा नव्हती.

वेश उतरल्यावरही ज्यांची सुटका झाली नाही, असे कलावंत होतेच. मराठी चित्रपटांत नाच्याची भूमिका वर्षानुवर्षं करणाऱ्या गणपत पाटील यांना ती प्रतिमा खऱ्या आयुष्यातही चिकटली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीत आणि त्यावरून रवी जाधव यांनी केलेल्या २०१० च्या चित्रपटात हाच प्रश्न आहे. पैलवानी अंगाचा गुणा कलेपायी नाच्या होतो. रात्री ज्यांनी त्याला टाळ्या दिल्या, तीच माणसं दिवसा त्याला टोमणे मारतात, आणि प्रकरण टोमण्यांवर थांबत नाही.

मराठी नाटकात हा विषय थेट कधी आला?

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं होतं. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही मुख्य भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कॉलेजमधली ही मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते. तिची गोष्ट तिचा मित्र बापू सांगतो. शेवटी मित्रा आत्महत्या करते. त्या काळात हा विषय व्यावसायिक नाटकाच्या जवळपासही नव्हता, हे लक्षात घेतलं तर तेंडुलकरांचं धाडस कळतं.

पुढे चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’ लिहिलं. त्यात रंगमंचावर एकच पात्र आहे, आई. मुलाची डायरी तिच्या हाती लागते आणि तो समलिंगी असल्याचं तिला समजतं. मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग अनेक ठिकाणी केले. या नाटकाने एक मोठं काम केलं. प्रश्न मुलाचा आहे असं न म्हणता, आता आईने काय करायचं, असं विचारलं. प्रेक्षागृहात बसलेल्या बहुतेक माणसांची जागा त्या आईचीच असते.

इंग्रजी नाटकात महेश दत्तानी यांनी ‘ऑन अ मगी नाइट इन मुंबई’ आणि ‘सेव्हन स्टेप्स अराउंड द फायर’ लिहिली. मराठी साहित्यात सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत सातत्याने लिहिलं. ‘बिन बायकांचा तमाशा’सारख्या कार्यक्रमाने लावणी नाचणाऱ्या पुरुषांना चेष्टेसाठी नव्हे तर कलेसाठी मंच दिला.

ही यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. गंभीर नाटकांत समलिंगी माणूस अनेकदा मरतो किंवा रडतो. विनोदी नाटकांत तो थट्टेपुरता येतो. तो हसतो, चिडतो, भाजी आणतो, मामाशी भांडतो आणि शेवटी जिवंत राहतो, अशा नाटकाची जागा मराठीत अजून मोठ्या प्रमाणात रिकामी आहे. संगीत विनोदी नाटकाची संधी तिथे आहे.

‘संगीत शारदा’पासून काय शिकता येतं?

‘लोकांना हसवून समाज बदलतो का?’ असं विचारणाऱ्यांसाठी गोविंद बल्लाळ देवल यांचं ‘संगीत शारदा’ हे चांगलं उदाहरण आहे. १८९९ च्या या नाटकाचा विषय होता जरठ-कुमारी विवाह. पैशांसाठी कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावून देण्याची चाल तेव्हा सर्रास होती.

देवलांनी त्यावर भाषण लिहिलं नाही. नवरदेव व्हायला निघालेल्या भुजंगनाथाला हास्यास्पद केलं. मुलीचा लोभी बाप आणि मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित यांची सोंगं उघडी पाडली. शारदेवर मात्र कुणी हसत नाही. तिच्या वाट्याला गाणी आहेत आणि प्रेक्षकांची माया आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, ते या नाटकामुळे नव्हे. ते विधेयक मांडणारे हरविलास सारडा यांच्या आडनावावरून ते नाव पडलं. नावाचा हा योगायोग आहे. पण तीस वर्षं गावोगाव या नाटकाचे प्रयोग पाहिलेल्या मराठी माणसाला तो कायदा कशासाठी आहे, हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार.

देवलांची युक्ती आजही चालते. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला गाणं द्या, जो अन्याय करतो त्याला विनोदी करा.

यवतमाळमध्ये असं होईल का?

१६ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्या असलेला हा जिल्हा. गणेशोत्सव, दुर्गोत्सव, कॉलेजांचे स्नेहसंमेलन आणि नाट्यस्पर्धा या निमित्तांनी इथे हौशी नाटक होत असतं. यवतमाळचा दुर्गोत्सव तर सगळ्या विदर्भात नावाजलेला.

समाजाने ज्यांना बोलू दिलं नाही, त्यांनीच रंगमंचावर उभं राहायचं, हे या भागाने पाहिलेलंही आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या महिलांनी स्वतः काम केलं. त्यांच्यापैकी एक, यवतमाळ जिल्ह्यातल्या वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला झालेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. विधवा बाईने मंचावर चढून बोलावं, हेही ज्या घरांत पटत नव्हतं, त्याच घरांतले लोक समोर बसून ऐकत होते.

दोन्ही प्रश्न सारखे नाहीत. पण वाट सारखी आहे. ‘त्यांच्याबद्दल’ नाटक करणं आणि ‘त्यांच्याबरोबर’ नाटक करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

विनोद कुठे जमतो, कुठे फसतो?

एक लहानसा प्रसंग घेऊ. तो या लेखासाठी रचलेला आहे. यवतमाळकडचं घर, दिवाळीनंतरचे दिवस, मुलगी पाहायला जायची तयारी.

आई : पोरगी पाहाले जाचं हाय, अन् तू तोंड काऊन पाडून बसला?
पोरगा : मले पोरगी नाही पाहाची, आई.
मामा : मंग काय पाहाचं? कापसाचा भाव?
पोरगा : तो पाहून तं आनखीनच तोंड पडते.
आई : अरे पन लोकं काय म्हनतीन?
आजी : लोकं तं तुह्या लग्नातही म्हनत होते, वरनात मीठ कमी हाय. म्हनून काय लग्न मोडलं का?

इथे हसू कापसाच्या भावावर आहे, मामाच्या आगाऊपणावर आहे आणि ‘लोकं काय म्हनतीन’ या वाक्यावर आहे. पोरावर नाही. आता याच प्रसंगात पोराला लचकत चालायला लावलं, त्याच्या आवाजाची नक्कल केली, तर टाळ्या जास्त पडतील. पण नाटक तिथेच फसलं.

तालमीत प्रत्येक विनोदाला तीन प्रश्न विचारा.

१. या विनोदावर हसताना प्रेक्षक कुणाकडे बोट दाखवतो? पात्राच्या असण्याकडे, की इतरांच्या ढोंगाकडे?
२. हेच वाक्य प्रेक्षकांतल्या एखाद्या समलिंगी मुलाने ऐकलं, तर तो इतरांबरोबर हसेल की खुर्चीत आक्रसून बसेल?
३. उद्या शाळेच्या मैदानावर कुणाला चिडवायला हे वाक्य वापरता येईल का? येत असेल तर काढून टाका.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नाटकातले संवाद गावात फिरतात. मुंबईत प्रेक्षक नाटक पाहून लोकलमध्ये हरवून जातो. तालुक्याच्या गावात नट, प्रेक्षक आणि ज्याच्याबद्दल कुजबुज चालते तो मुलगा, तिघंही दुसऱ्या दिवशी एकाच चहाच्या टपरीवर असतात.

कायदा काय सांगतो?

कलम ३७७ हे १८६० च्या दंड संहितेतलं, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं. त्याचा पुढचा प्रवास असा:

- २ जुलै २००९ : प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल.
- ११ डिसेंबर २०१३ : सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.
- १५ एप्रिल २०१४ : ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या लैंगिक ओळखीला मान्यता दिली.
- ६ सप्टेंबर २०१८ : सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.
- २०१९ : तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला.
- १७ ऑक्टोबर २०२३ : समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि हा विषय संसदेचा असल्याचं सांगितलं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ सारखं कलमच नाही. म्हणजे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एकत्र राहू शकतात, समारंभ करू शकतात, पण त्या लग्नाची नोंदणी होत नाही. यवतमाळचं २०१७ चं लग्नही भारतीय कायद्याच्या दृष्टीने केवळ समारंभ होतं. नाटकात ‘शेवटी कोर्टात लग्न लागलं’ असा गोड शेवट करायचा मोह झाला, तर तो खोटा ठरेल, हे लेखकाने ध्यानात ठेवावं.

‘हा आजार आहे, डॉक्टरकडे नेला की बरा होतो’ हा संवाद नाटकात एखाद्या काकाच्या तोंडी येणारच. त्याला उत्तर देणारं पात्रही हवं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘बदलण्याचे उपचार’ म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं स्पष्ट केलं.

प्रयोग करायचा तर काय काय लागतं?

*संहितेचं प्रमाणपत्र.* महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. पण ‘आपलं हौशी आहे, कोण विचारतो’ असं समजू नका. विषय नाजूक असला की कागद आधी विचारले जातात. प्रमाणपत्र हातात असेल तर आयत्या वेळी आक्षेप घेणाऱ्याला उत्तर देता येतं.

*हक्क.* लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. देवल १९१६ मध्ये वारले, त्यामुळे ‘शारदा’ सर्वांना खुलं आहे. अत्रे १९६९ मध्ये वारले, म्हणजे ‘मोरूची मावशी’वर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. तेंडुलकर आणि दातार दोघेही २००८ मध्ये गेले, त्यांच्या नाटकांना परवानगी लागतेच. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात काही सवलत आहे. पण गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर नवे शब्द बसवून तिकीट लावणं म्हणजे अडचण ओढवून घेणं. लोकगीतांच्या पारंपरिक चाली घ्या. त्या फुकट आहेत आणि गावाला पाठही आहेत.

*वेळ.* उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर लावता येत नाही. सरकारने ठरावीक दिवशी सवलत दिली असेल तरच मुदत वाढते. दोन अंकांचं संगीत नाटक साडेसहाला सुरू केलं तरच निवांत संपतं.

*सल्लागार.* संहिता एखाद्या समलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्तीला वाचायला द्या, आणि लिहून झाल्यावर नव्हे, लिहिताना. नागपूरचा सारथी ट्रस्ट विदर्भात याच विषयावर काम करतो. मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून, तर पुण्याचा समपथिक २००२ पासून आहे.

*नटांची गुप्तता.* हा मुद्दा सहज विसरला जातो. नाटकात समलिंगी भूमिका करणाऱ्या मुलाला ‘तू खरंच तसा आहेस का?’ असं विचारलं जाणार. तो नसेल तरी त्याला चिडवतील. असेल तर तो उघड होण्याची भीती आहे. मंडळाने पहिल्याच तालमीला ठरवून टाकावं, की नटाच्या खाजगी आयुष्यावर कुणी बोलणार नाही, आणि या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच असेल: ‘आम्ही नाटक करतो.’ जाहिरातीत, फोटोत आणि रीलमध्ये कुणाचं नाव-चेहरा टाकायचा, हे त्या व्यक्तीला विचारूनच ठरवा. एकदा व्हायरल झालेला व्हिडिओ परत घेता येत नाही.

*प्रयोगानंतरची १५ मिनिटं.* पडदा पडला की लगेच दिवे लावून लोकांना घरी पाठवू नका. चर्चा ठेवा, पण माइकवर प्रश्न विचारायची सक्ती नको. चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाकायला एक डबा ठेवा. ज्याला खरा प्रश्न आहे, तो गर्दीत हात वर करत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*लहान मुलांना दाखवावं का?*
स्वीकाराचं नाटक म्हणजे अश्लील नाटक नव्हे. ‘मोरूची मावशी’ आपण घरच्या सगळ्यांबरोबर पाहतोच. घरातल्या एका माणसाला घरात जागा मिळते की नाही, एवढाच या नाटकाचा विषय आहे. संहिता त्या पातळीवर ठेवली तर आजीपासून नातवापर्यंत सगळे पाहू शकतात.

*हे शहरातलं, परदेशातलं फॅड आहे ना?*
समलिंगी माणसं शहरात जास्त दिसतात, कारण तिथे गर्दीत राहता येतं. ती जन्माला मात्र सगळीकडे येतात. गावातल्या अनेकांना गाव सोडावं लागतं, म्हणून गावात ती ‘नसतात’.

*एका नाटकाने काय फरक पडणार?*
नाटकाने कायदा बदलत नाही आणि जावयाला नकार देणारा सासराही एका रात्रीत बदलत नाही. फार तर एवढं होतं, की ज्या शब्दाचा घरात उच्चारच नव्हता, तो जेवताना कुणीतरी उच्चारतं. ‘काल ते नाटक पाहिलं, त्यातली आजी लय भारी होती’ असं वडील म्हणतात. समोर बसलेला मुलगा मान वर करतो. वडिलांना कळतही नाही, की त्या एका वाक्याने दार किती उघडलं.

शेवटी

बालगंधर्वांना डोक्यावर घेणारा, मावशीवर पोट धरून हसणारा आणि दंडारीतल्या सोंगाला ओवाळणी घालणारा आपला समाज आहे. त्याला नवीन काही शिकायचं नाही. रंगमंचावर ज्याला इतकं प्रेम दिलं, त्याला मंचाखाली ओळख दाखवायची, एवढंच बाकी आहे.

तुमच्या गावात असं नाटक होत असेल तर जरूर पाहा, आणि शेजाऱ्यांनाही घेऊन जा. आणि हा लेख वाचणारे तुम्हीच त्या नाटकातलं पात्र असाल, घरी बोलता येत नसेल आणि मन जड झालं असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो केंद्र सरकारचा आहे, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.